श्रावणात गोळी कशाला?

"वयनी, डोका नको खाव माझा. श्रावण पाळतोय ना मी? मग गोळी कशाला?"

अनिलने गोळ्यांचं पाकीट ताटाजवळून ढकललं आणि लोणच्याची तिसरी फोड उचलली. नेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या श्रावणात याच ओटीवर बसून तिच्या नवऱ्याने अगदी हेच म्हटलं होतं!

तो नवरा, महिपत, समोरच खुर्चीत होता. वय छत्तीस. मिरकरवाड्याच्या बंदरात इंजिनाचा नुसता आवाज ऐकून लाँचीचा बिघाड सांगणारा माणूस, आणि आता त्याला 'पाणी' म्हणायलाही घाम फुटायचा. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला असायचा.

बीपी एकशे सत्तर निघालं तेव्हा डॉक्टरांनी त्याला रोजची गोळी दिली होती. आषाढभर घेतली. श्रावण लागला, दारू सुटली, तंबाखू सुटली, मासळी सुटली. झालं! आता अंग साफ झालं म्हणे, औषध हवं कशाला? मासळीच्या जागी ताटात रोज लोणचं, पापड, तळलेल्या मिरच्या. मिठाकडे बघतो कोण? नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी हातातला पाना गळून पडला, तोंड वाकडं झालं. सासूबाई म्हणाल्या, पित्त हाय. कोकम सरबत पाजून निजवलं. एवढ्या तरण्या माणसाच्या अंगावरून कधी वारं जातं का, म्हणत दुपार केली. डॉक्टर एवढंच म्हणाले, "सकाळीच आणायला हवं होतं." ते वाक्य नेत्राला अजून झोपू देत नाही.

"भावजी, तुमचापण बीपी एकशेसाठ हाय."

"मला काय होतंय? डोका दुखत नाय, चक्कर नाय. उद्या दर्याला नारळ दिला की लाँच न्यायची हाय."

"ह्यांना तरी काय होत होता?" नेत्रा ओरडलीच. "आणखी एक खुर्ची आणून ठेवू काय हितं? मी एकटी किती जणांना भरवू?"

अनिल मान खाली घालून भात कालवत राहिला. तेवढ्यात महिपतने डावा हात लांब करून पाकीट ओढलं. एका हाताने गोळी निघेना. त्याने पाकीट दातांत धरलं, अंगठ्याने दाबलं. गोळी उडून खुर्चीखाली गेली. नेत्रा पुढे झाली, तर त्याने डोळे वटारले. दुसरी गोळी निघाली. ती अनिलच्या तळहातावर ठेवून त्याने त्याचं मनगट धरलं. बोलायला तोंड उघडलं, पण नुसती लाळच हनुवटीवर आली.

"घेतो, दादा," अनिल म्हणाला. त्याने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला.

नेत्राने लोणच्याची बरणी आत नेऊन ठेवली. परत येऊन पदराने नवऱ्याची हनुवटी पुसली.

"गिळली त्यांनी. सोडा आता, जेवू द्या त्यांना."

महिपतने मनगट सोडलं नाही.