सहकार्यासाठी कापलेलं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे, आणि तेही अर्धंच. माझ्या एका टोकाला दोन पाय आहेत. दुसऱ्या टोकाला एकही नाही, म्हणून ते चर्चच्या हॉलमधल्या खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून ठेवलं आहे. नवा माणूस आला की त्याला वाटतं, जागा वाचवण्यासाठी कुणीतरी डोकं लढवलेलं दिसतंय. डोकं लढवलं होतं, हे अगदी खरं. सात शहाण्या माणसांनी अकरा बैठका घेऊन लढवलं होतं.

माझा जन्म मात्र बैठकीतून झाला नाही. चर्चमधली वरची लाकडी गॅलरी मोडकळीला आली, तेव्हा तिच्या फळ्या उतरवून आवारात रचल्या होत्या. त्या सरपणाला जाणार होत्या. मंडळीत, म्हणजे इथे नेमाने उपासनेला येणाऱ्या लोकांत, एक सुतारकाका होते. त्यांनी एका फळीवर नख ओढलं, वास घेतला आणि चर्चचे धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, यांना सांगितलं की हे लाकूड जाळायचं असेल तर आधी मला हाकला. मग तीन महिने ते रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर येत राहिले. वीस फूट लांबी, सहा पाय, आणि सगळ्या अंगात एकही खिळा नाही, सगळे जोड लाकडी खुंट्यांचे. कडा त्यांनी इतक्या घासल्या की लहान मुलाने गाल टेकवला तरी कुसळ लागू नये. मी थोडा गर्विष्ठ आहे, तो तेव्हापासून.

आता माझं काम सांगतो. रस्त्यापलीकडे एक मोठं कॉलेज आहे. तिथे ख्रिस्ती विद्यार्थ्यांचा एक गट होता आणि तो चालवणारा एक किडकिडीत तरुण होता. सगळे त्याला दादा म्हणत. दर गुरुवारी तो मुलामुलींना जिन्याच्या पायऱ्यांवर बसवून बायबलचा अभ्यास घ्यायचा, कारण त्यांना खोली कुणी देत नव्हतं. रविवारी दुपारी वसतिगृहाची खानावळ बंद असायची. त्यामुळे उपासना संपली की ही मुलं उपाशीपोटी चर्चच्या फाटकाशी घुटमळायची. मंडळीतली माणसं त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसायची आणि आपापल्या घरी जेवायला जायची. सुतारकाकांना ते बघवलं नाही. मी झालो तो एवढ्यासाठीच.

पहिल्या रविवारी मंडळी एका बाजूला बसली आणि विद्यार्थी दुसऱ्या बाजूला. मध्ये मी आणि चमच्यांचे आवाज. पुढच्या रविवारी काकांनी दोन नियम केले. बसायचं एकाआड एक, म्हणजे एक मंडळीतला, एक विद्यार्थी. आणि आपल्या ताटात आपण वाढून घ्यायचं नाही, ज्याने त्याने उजवीकडच्या शेजाऱ्याला वाढायचं. जागा ठरलेल्या. आता डावीकडचा शेजारी आलाच नाही, तर तुमचं ताट रिकामं राहणार. मग तुम्ही उठायचं आणि तो का आला नाही ते बघून यायचं. तोवर जेवण नाही.

यावर आधी खूप नाकं मुरडली गेली. बँकेत साहेब असलेले एक गृहस्थ म्हणाले की ही काय बालवाडी आहे का. पण दोन महिन्यांनी तेच साहेब परीक्षेच्या धास्तीने खोलीत बसून राहिलेल्या आपल्या शेजाऱ्याला हाताला धरून घेऊन आले. तोवर पातेल्यातला भात गार झाला होता, तरी त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. विद्यार्थीही काही फुकट जेवत नव्हते. कुणी मंडळीतल्या मुलांची गणितं घ्यायचं, कुणी पाळकसाहेबांचा रुसलेला कॉम्प्युटर ताळ्यावर आणायचं. पुढे गुरुवारचा अभ्यासही जिन्यावरून उठून माझ्याभोवती आला. तेव्हा याला कुणी सहकार्य म्हणत नव्हतं. रविवारचं जेवण म्हणायचे.

तिसऱ्या वर्षी एक मुलगी आली. बस कंडक्टरची लेक, पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली. पहिल्या महिन्यात तिने परत जायला दोनदा ट्रंक भरली होती आणि दादाने दोनदा समजूत घालून ती रिकामी करायला लावली होती. जेवायला आली की आधी म्हणायची, पाचच मिनिटं बसते, आणि भांडी विसळून होईपर्यंत हलायची नाही. म्हणून तिचं नावच 'पाचमिनिटे' पडलं. तिची जागा सुतारकाकांच्या डावीकडे होती, म्हणजे काकांचं ताट तिच्या ताब्यात. काकांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. तिने मिठाचं भांडं त्यांच्या हाताला लागू न देण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं. काका कुरकुरायचे, "घरी एक पहारेकरीण आहेच, आता ही दुसरी." पण रविवारी दाढी करून यायला लागले. त्या मुलीने तिसऱ्यांदा ट्रंक भरली नाही. तिचं शिक्षण माझ्या त्या दोन फूट जागेवर टिकून होतं असं मी म्हटलं, तर ती बढाई समजू नका.

मग आमचं कौतुक झालं, आणि तिथेच माशी शिंकली. दुसऱ्या शहरांतल्या मंडळ्या मला बघायला येऊ लागल्या. माझे फोटो काढले गेले. दादाला नेमणाऱ्या संस्थेच्या वरिष्ठांनी त्यांच्या मासिकात लिहिलं की आमच्या विद्यार्थी गटाने एक अभिनव उपक्रम सुरू केला आहे. ते वाचून मंडळीचे चिटणीस, म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक, यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. टेबल आमचं, हॉल आमचा, पातेली आमची, आणि उपक्रम यांचा? दादाही मग गप्प बसला नाही. त्याची निम्मी मुलं चर्चच्या गायनात ओढली गेली होती, हे त्याने बोलून दाखवलं. पाळकसाहेबांना जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. त्यांनी दोघांनाही हो म्हटलं आणि एक सहकार्य समिती नेमली.

समिती बसायची माझ्याभोवतीच. तो काथ्याकूट मी अकरा वेळा ऐकला. एकदा सुतारकाकांनाही बोलावलं होतं. चिटणीस त्यांना समजावत म्हणाले, "सहकार्य करायचं तर आधी कुणाचं काय, हे ठरायला हवं."

"आमच्यात आजवर ठरलं नव्हतं," काका म्हणाले, "म्हणून तर चाललं होतं."

त्यांचं म्हणणं इतिवृत्तात घेतलं गेलं आणि पुढचा विषय निघाला. शेवटी नऊ कलमांचा करार झाला. जे विद्यार्थी रविवारी उपासनेला येतात त्यांची काळजी मंडळीने घ्यायची, जे गुरुवारी अभ्यासाला येतात त्यांची दादाच्या गटाने. कॉलेजने तोवर गटाला एक खोली दिली होती, तेव्हा विद्यार्थ्यांचं जेवण तिथे आणि मंडळीचं इथे. आणि दोघांकडे आठवण राहावी म्हणून टेबल निम्मं-निम्मं वाटून घ्यायचं. मधली पायांची जोडी वाटता येईना, तेव्हा मंडळीने मोठ्या मनाने चार पायांचा भाग विद्यार्थ्यांना दिला. यावर टाळ्या झाल्या.

मला कापलं सुतारकाकांनीच. बाहेरचा माणूस वीजकरवत घेऊन येणार होता. त्याने वेडंवाकडं कापण्यापेक्षा मीच कापतो, असं म्हणून त्यांनी आपली हातकरवत आणली. रेषा आखली ती पाचमिनिटेच्या आणि त्यांच्या जागेच्या मधून गेली. त्यांनी मुद्दाम आखली नव्हती, मोजमापच तसं आलं. कापून झाल्यावर त्यांनी त्या कच्च्या कडेवरून पॉलिशपेपर फिरवला आणि हत्यारं पिशवीत भरली. मित्रांनो, मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अजूनही थोडा आहे.

आता पाचमिनिटेचं काय? ती उपासनेलाही यायची आणि अभ्यासालाही जायची. करार करणाऱ्यांना वाटलं, अशा मुलांना तर दुप्पट फायदा. त्यांची काळजी दोघं घेतील. ती रविवारी कधी इकडे जेवायची, कधी तिकडे. दोन्हीकडे आता ज्याचं त्याने वाढून घ्यायचं होतं, कारण एकाआड एक बसायला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी सुट्टी लागली आणि तिची खोलीतली मैत्रीण गावी गेली. त्या रविवारी पाचमिनिटे इकडे आली नाही. काकांनी विचारलं, तर चिटणीसांनी सांगितलं की आज ती तिकडची. काकांना ते पटलं. तिकडे दादाने विचारलं, तर कुणीतरी म्हणालं की ती चर्चमध्ये असेल, तिला ते सुतारकाका सुटत नाहीत. दादालाही पटलं. गुरुवारी तो म्हणाला, अभ्यास करत असेल. पुढच्या रविवारी पुन्हा हेच. दोन्हीकडे सगळी ताटं भरलेली होती. कुणाचंही रिकामं नव्हतं, म्हणून कुणीही उठलं नाही.

ती खोलीत होती. तिला कावीळ झाली होती. पाणी भरायलाही उठता येईना, तेव्हा ती बाटलीत उरलेलं घोट-घोट पीत राहिली. वसतिगृहात झाडू मारणाऱ्या बाईने अकराव्या दिवशी दार ढकललं आणि आरडाओरडा करून चार जणींना गोळा केलं. ती बाई ना मंडळीत होती ना गटात. तिला कुठलंच कलम लागू नव्हतं. मुलगी वाचली, पण महिनाभर दवाखान्यात राहिली आणि परीक्षा बुडाली.

तिचे वडील तिला न्यायला आले. ट्रंक बांधायला दोरी हवी म्हणून ते रविवारी दुपारी आमच्या हॉलमध्ये शिरले. दादा त्यांच्या मागोमाग मान खाली घालून आला. मंडळी जेवायला बसली होती. पाळकसाहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. त्यांनी विचारलं की माझी मुलगी कुठे बसायची. काकांनी माझ्या कापलेल्या कडेवर हात ठेवला आणि ते म्हणाले, इथून पुढे. तिथे आता नुसती खिडकी होती.

कंडक्टर आवाज न चढवता म्हणाले, "ती फोनवर सांगायची, बाबा, इथे मला बघणारे दोन-दोन आहेत. म्हणून मी निर्धास्त होतो. एकच असता, तर मी त्याला फोन करून विचारलं तरी असतं."

काका म्हणाले, "चूक माझी आहे." चिटणीस घाईघाईने म्हणाले की चूक कुणा एकाची नाही. हे त्यांचं वाक्य मला अजून बोचतं, कारण एका माणसाने आपल्या अंगावर घेतलेली चूक त्यांनी तिथल्या तिथे सगळ्यांमध्ये वाटून टाकली, आणि वाटल्यावर कुणाच्याच वाट्याला काही आलं नाही. कंडक्टरांना दोरी मिळाली. ते गेले.

पुढे बारावी बैठक झाली. काकांनी एवढंच मागितलं की टेबल जोडू द्या, खुंट्या मी घालतो. पण विद्यार्थ्यांच्या खोलीत गेलेल्या माझ्या दुसऱ्या अर्ध्या भागाचं तोवर पुस्तकं ठेवायला फळ्या-फळ्या करून कपाट झालं होतं. मग असं ठरलं की यापुढे दोन्हीकडे विद्यार्थ्यांच्या याद्या ठेवायच्या आणि दर महिन्याला त्या ताडून बघायच्या. काम चोख चाललं आहे. यादीतल्या नावांना कधी ताप येत नाही. माझ्यावर पितळी पाटी ठोकली आहे, तिच्यावर सहकार्य हा शब्द आहे आणि खाली सात जणांची नावं. चार खिळे. माझ्या अंगात शिरलेले पहिले खिळे तेच.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, समित्यांत बसाल, करारही कराल. मी कोण तुम्हाला अडवणार. मी तर उभं राहायलाही दुसऱ्याचा आधार घेतो. पण शेजारची जागा रिकामी दिसली, तर ती कुणाच्या वाट्याची, हे विचारत बसू नका. ताट तसंच ठेवा, चपला घाला आणि बघून या. तो बरा असेल तर तुमचं काय गेलं, फार तर भात गार होईल.

गेल्या आठवड्यात सुतारकाकांनी त्या मुलीला भेटायला जायचं ठरवलं. पिशवी भरून, दाढी करून ते आधी चिटणीसांकडे गेले, मग दादाकडे. दोघांनी आपापल्या याद्या काढल्या. दोन्ही याद्यांत तिचं नाव होतं, वर्ग होता, उपस्थिती होती. गावाचा पत्ता एकाही यादीत नव्हता. चिटणीसांना वाटलं होतं तो दादाकडे असेल, आणि दादाला वाटलं होतं चिटणीसांकडे असेल.