टूडरचा वाढदिवस

खोट्याला पाय नसतात असं म्हणतात. पॅन्टग्लास नावाच्या शेतावरच्या एल्फेडच्या खोट्याला चार पाय होते, ओलं नाक होतं आणि वजन साडेसहाशे किलो होतं. त्याचं नाव टूडर.

ते शहाण्णव साल होतं. गाईंना होणारा वेडाचा रोग माणसालाही लागू शकतो असं सरकारनं मार्चमध्ये सांगितलं आणि रविवारी बीफ भाजणारी घरं एका आठवड्यात कोंबडीवर आली. बाजार उठला. तो सावरायला सरकारनं नियम काढला की तीस महिन्यांवरचं जनावर कुणाच्या ताटात जाणार नाही. ते सरकार विकत घेईल आणि भट्टीत जाळून टाकील. तीस महिन्यांच्या आतलं खुशाल खा. तेव्हापासून आमच्या डोंगरात कुणी कुणाच्या बायकामुलांची चौकशी करीनासं झालं. सगळे एकमेकांच्या गुरांची वयं विचारायचे.

एल्फेडचा टूडर, काळा गोऱ्हा, ९ डिसेंबरला तीस महिन्यांचा होणार होता. ४ डिसेंबरला त्याला कत्तलखान्यात नेण्याची पाळी मिळाली होती. पाच दिवस हातात होते. गावातला खाटीक हायडन स्वतः येऊन टूडरच्या पाठीवरून हात फिरवून गेला होता.

"नाताळात माझ्या दुकानाच्या काचेत हाच लटकणार," हायडन म्हणाला होता. "आणि त्याच्यावर पाटी. पॅन्टग्लासचा टूडर. लोकांना कळू दे कुठलं खातात ते. त्याशिवाय गिऱ्हाईक परत यायचं नाही."

एल्फेडच्या बापाचं जनावर त्या काचेत कधी लागलं नव्हतं, आजोबाचंही नाही. ते खोगिराच्या बकलाइतकी साधी माणसं होती. पण दर नाताळात त्या काचेसमोर उभं राहून दुसऱ्याच्या शेताचं नाव वाचायची. एल्फेडला ती पाटी हवी होती. टूडर कापला जाणार हे त्याला वासरू असल्यापासून ठाऊक होतं. पण जाळला जावा? इतकं खाऊ घालून, इतका खरारा करून, राख?

२ तारखेला सकाळी मंत्रालयाचे ट्रँटरसाहेब तपासणीला आले. उंच, सर्दी झालेला माणूस. त्यांनी टूडरच्या कानातला बिल्ला पाहिला, मग खालचा ओठ ओढून दात पाहिले. दोन मोठे दात बाहेर होते, तिसरा हिरडीतून डोकावत होता.

"हं," साहेब म्हणाले. "दातांवरून काही सांगता येत नाही. असाही असेल, तसाही असेल. वही दाखवा."

वहीत एल्फेडच्या हातानं लिहिलं होतं: नर, काळा, ९ जून १९९४. साहेबांनी मान हलवली. एल्फेडनं मनातल्या मनात पाटी टांगली आणि साहेबांना चहाला घरात नेलं. तिथंच चुकलं.

चुलीवरच्या भिंतीवर फोटोची एक चौकट असायची. एल्फेडनं पहाटेच ती काढून बाकाच्या पेटीत घोंगड्यांखाली दडवली होती. पण भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरला होता, आणि एल्फेडची सासू मार्गेड घरात होती. तिच्या नजरेतून लोकरीचा धागा सुटत नसे.

"माझी चौकट कुणी काढली?" मार्गेड म्हणाली. साहेबांच्या हातात कप येईपर्यंत तिनं पेटी उपसली होती. "बघा साहेब. आमच्या गावच्या वर्तमानपत्रात छापून आलंय. मी आणि टूडर!"

फोटोत मार्गेड नवी टोपी घालून उभी होती आणि तिच्या कुशीशी काळं वासरू. खाली मोठ्या अक्षरांत: 'एकाच दिवशी! २८ मे रोजी मार्गेडबाईंना सत्तर वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच दुपारी जावयाच्या गोठ्यात टूडर जन्मला.'

साहेबांनी कप खाली ठेवला. बोटांवर महिने मोजले. "म्हणजे २८ नोव्हेंबरलाच तीस महिने झाले."

"छापणाऱ्यांची चूक," एल्फेड म्हणाला.

"कसली चूक?" मार्गेड म्हणाली. "माझ्या सत्तरीच्या जेवणाला तू आला नाहीस, एल्फेड. गाय अडलीय म्हणालास. सगळं गाव टेबलाशी आणि जावयाची खुर्ची रिकामी! ती गाय टूडरचीच आई ना?"

"बोल की," एल्फेडची बायको नेस्टा पाव कापता कापता म्हणाली. तिच्या आवाजात जरा जास्तच गोडवा होता.

एल्फेडनं खिडकीतून गोठ्याकडे पाहिलं. टूडर फाटकाला मान घासत होता. मग एल्फेड उठला, खाद्याच्या डब्यातून पोत्यात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला आणि टेबलावर ठेवली. चांदीचा लहानसा कप होता. अडीच वर्षं पेंडीत पुरलेला, तरी लखलखत होता. एल्फेडलाच नवल वाटलं.

"पॉलिश मी करते दर महिन्याला," नेस्टा म्हणाली. "तुला वाटलं पेंडीनं चांदी उजळते?"

"तुला ठाऊक होतं?"

"त्या दिवशी मॉटला अंगभर ब्रश केला होतास. गाय विताना कुत्र्याचा भांग पाडतात होय?"

साहेबांनी कप फिरवून कोरलेली अक्षरं मोठ्यानं वाचली. "मेंढ्या वळवणाऱ्या कुत्र्यांची स्पर्धा. २८ मे १९९४. मॉट, मालक एल्फेड, पॅन्टग्लास. तिसरा क्रमांक."

नेस्टानं पावाची सुरी खाली ठेवली.

"आई," एल्फेड म्हणाला, "गाय अडली नव्हती. ती वरच्या कुरणात होती, बारा दिवसांनी व्याली. वासरू उशिरा खाली आणलं, तुम्ही म्हणालात केवढंसं आहे, मी म्हटलं गाईला दूध कमी. मग तुम्ही लाडानं त्याला टोपी दाखवायला आलात, फोटो निघाला, आणि मला तोंड उघडता येईना."

मार्गेडनं कप हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला.

"तिसरा?" ती म्हणाली. "पहिला असतास तर गोष्ट वेगळी. माझी सत्तरी सोडून गेलास तो *तिसऱ्यासाठी*?"

"शेवटच्या फाटकाशी एक मेंढी वळली नाही, आई."

"तिला तरी अक्कल होती."

ट्रँटरसाहेब नाक पुसून म्हणाले, "तुमची हकिगत चांगली आहे. पण तुम्ही स्पर्धेत होतात म्हणून गाय थांबली होती असं नाही. ती तुमच्यावाचूनही विऊ शकते. एका बाजूला तुमची वही. तुमची वही तुम्ही केव्हाही लिहाल. दुसऱ्या बाजूला तेव्हाच छापलेला कागद. मला छापील कागद धरावा लागेल. माफ करा. टूडर भट्टीला जाईल."

एल्फेड खाली बसला. बाहेर टूडर हंबरला. सकाळच्या खाण्याची वेळ टळली होती.

मार्गेडनं त्या चौकटीकडे पाहिलं. मग आपली काळी पिशवी उचलून मांडीवर घेतली. पिशवीच्या अस्तरात एक शिवलेला कप्पा होता. नेस्टानंही तो कधी पाहिला नव्हता. त्यातून चारपदरी घडीचा पिवळा कागद निघाला.

"साहेब," मार्गेड म्हणाली, "हा छापील आहे आणि वर सरकारी आहे. वाचा. मोठ्यानं नको."

साहेबांनी वाचला. चौकटीकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. "यात तुमचा जन्म १९२१ सालचा आहे. म्हणजे चौऱ्याण्णवला तुम्ही..."

"मोठ्यानं नको म्हटलं ना!"

"आई!" नेस्टा म्हणाली. "त्र्याहत्तर?"

"तुझा बाप माझ्याहून दोन वर्षांनी लहान होता. त्या काळी पोरी लग्नाआधी वयातली तीन वर्षं मोडीत काढायच्या. तो जाईपर्यंत मला एका वर्षानं धाकटी समजत होता, देव त्याचं भलं करो." मार्गेडनं चौकटीवर नख टेकवलं. "आता सांगा साहेब. ज्या पत्राला माझं वय धड छापता आलं नाही, त्याला गोऱ्ह्याचं काय कळतं?"

साहेबांनी बराच वेळ पेन दातांत धरलं. सर्दी आता हसण्यासारखी ऐकू येत होती. मग त्यांनी फॉर्मवर लिहिलं आणि एल्फेडनं उलट्या बाजूनं वाचलं: 'गावचे पत्र: वयाबाबत विश्वसनीय नाही. मालकाची वही ग्राह्य.'

साहेबांची गाडी वळणापलीकडे गेल्यावर मार्गेड म्हणाली, "एल्फेड, तू त्र्याहत्तर विसर. मी तिसरा विसरते."

"विसरलो, आई."

"आणि चौकट परत लाव. टोपी चांगली दिसते त्यात."

४ तारखेला टूडर गेला. एल्फेडनं स्वतः त्याला गाडीत चढवलं आणि दुपारी जेवला नाही. पण नाताळाच्या आठवड्यात हायडनच्या काचेसमोर रांग लागली होती. वर्षभरात पहिल्यांदा. काचेत लाल फीत लावलेला मांसाचा भला मोठा तुकडा आणि त्यावर पाटी: टूडर, पॅन्टग्लास, जन्म ९ जून.

एल्फेड सासूची पिशवी धरून रांगेत उभा होता. पाटी त्यानं सात-आठ वेळा वाचली असेल. पुढे उभी असलेली चर्चमधली बाई वळली.

"काय गं मार्गेड, ९ जून कसा? हा तुझ्या वाढदिवसाला जन्मला ना? पत्रात तर आलं होतं."

एल्फेडनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

मार्गेडनं टोपी सारखी केली. "पत्रावर काय जातेस," ती म्हणाली. "वयाच्या बाबतीत ते कुणाचंही काहीही छापतात." मग जावयाच्या बरगडीत कोपर घालून हळूच म्हणाली, "बरगडीकडचा तुकडा माग. पहिल्या नंबरचा. तिसरा नको."