धुतलेलं चाडं

"मावशी, आज कशाला आलात? उद्घाटन परवा आहे," जयमाला पदराला हात पुसत म्हणाली.

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत गावाची जुनी अवजारं आणि कागदपत्रं मांडायचं काम तिच्याकडे होतं. नगरच्या संग्रहालयातून आलेल्या मॅडमनी बजावलं होतं, कोरड्या फडक्याशिवाय कशाला काही लावू नका. पण घटस्थापना तोंडावर आली होती. या दिवसांत सोनईकडच्या बायका नवरा सोडून घरातलं सगळं धुऊन काढतात. जयमालाने सकाळीच कुळव, जू, जे हाताला लागेल ते सोड्याच्या पाण्याने घासलं.

"माजं चाडं दाव," रंगुबाई म्हणाल्या. "सनासुदीचं लेकराला भेटल्याबिगर कसं ऱ्हाऊ?"

चाडं म्हणजे पाभरीवरचं लाकडी वाडगं, पेरताना त्यात मुठीने बी सोडायचं. म्हातारी लाडाने त्यालाच लेकरू म्हणतेय असं वाटून जयमालाने ते हौसेने पुढे केलं. लाकूड कसं लख्ख दिसत होतं!

रंगुबाईंनी चाडं पदरात घेतलं, आतून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"शेंदूर कुटं गेला गं?"

"तेलकट डाग होते, मावशी. काथ्याने घासले."

"डाग न्हाई, बाई. आमच्यात पेरनी सरली की मूठ धरनाऱ्यानं तेल-शेंदराचा अंगठा आत उठवायचा. सासऱ्याचा हुता, मालकाचा हुता. माज्या लेकाचा, कल्यानचा एकच. फुडच्या पेरनीला त्यो ऱ्हायलाच न्हाई."

 जयमाला चाडं मागायला गेली तेव्हा तिने म्हातारीच्या ओसरीवर बसून चहा घेतला होता, पोहे खाल्ले होते. आत हे काय आहे, एवढं विचारायला मात्र तोंड उघडलं नव्हतं. आत्ताही ओल लागली, उंदीर फिरले, काहीही सांगता आलं असतं.

"मीच धुतलं, मावशी. सण म्हणून," ती कशीबशी म्हणाली. तिला स्वतःची शिसारी आली.

रंगुबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सनाचं धुतलंस. म्हाईत नसतं तर मी बी धुतलं असतं."

"घरी नेता का परत?"

"आता न्हिऊन काय करू? आता ते कुनाचं बी चाडं हाय. ठिव तुज्या फळीवर."

त्यांनी ते पदरातून काढलं, रिकामं पातेलं ठेवावं तसं जमिनीवर ठेवलं आणि भिंतीला धरत पायऱ्या उतरल्या. जयमाला त्याच्याजवळ खाली बसली. ते उचलायला तिचा हात होईना.