हळदीच्या गाण्याचा अंतरा

“मी नाय म्हननार हा गाना. तिला सांगा कोनीतरी.”

“तू सांग की.”

“मी कशाला? तिची सासू हाय ना घरात. ती सांगल.”

मागच्या खोलीतल्या बायकांना वाटत होतं, आपण कुजबुजतोय. पण माईक चालू होता आणि हेडफोन रुचिकाच्या कानावर होता, त्यामुळे काशीकाकीचा श्वाससुद्धा तिच्या कानात येत होता. ही मागची खोली म्हणजेच रुचिका आणि तिचा नवरा दिपेश यांचा स्टुडिओ. भिंतींना लग्नातल्या गाद्या टांगलेल्या, खिडकीला दोन गोधड्या, आणि आवाज नको म्हणून पंखा बंद. कोरसला आलेल्या बायका आत घामाने निथळत होत्या, पण तक्रार घामाची नव्हती.

काय सांगायचंय आपल्याला? रुचिकाने हेडफोन काढला. उठून पडदा बाजूला केला तर काशीकाकी चपला शोधत होती.

“बाय, माझी मच्छी राह्यलीय साफ करायची. मांजर घरातच असतो.”

काशीकाकीच्या मागोमाग बाकीच्याही गेल्या. सगळ्यांच्या मच्छ्या एकाच दिवशी राहिल्या होत्या.

रुचिका माहेरची बोर्ली पंचतनची. लग्नाआधीपासून गायची, पण कायम दुसऱ्यांच्या मागे. यूट्यूबवर गाणं आलं की खाली गायकाचं नाव, संगीतकाराचं नाव, बेंजोवाल्याचं नाव, आणि शेवटी ‘आणि साथी’. त्या ‘साथी’त ती असायची. हे पहिलं गाणं, ज्याच्यावर तिचं नाव पुढे येणार होतं. शब्द तिचे, आवाज तिचा, चाल नवऱ्याची. शेजारच्या दिपालीच्या हळदीला ते पहिल्यांदा वाजणार होतं आणि त्याच संध्याकाळी यूट्यूबवर चढणार होतं. शब्द असे होते:

बांधावरनं आली हळद, दारी थांबली गो,
माझ्या लेकीच्या तळव्याला सांज लागली गो.

इथवर सुरेख जमलं होतं. पुढे अंतरा येत नव्हता. दिपेश काशीदच्या बंगल्यांना टेम्पोने पाण्याचे जार पोचवतो. मुखड्याचा सूर त्याला असाच स्टिअरिंगवर बसल्या बसल्या सुचला. सुचला म्हणजे काय, म्हणे, “आलाच. जसा काय आधीपासून तिथंच होता.” मग अंतराही येईल म्हणून बिचारा रोज लांबच्या रस्त्याने घरी यायला लागला. डिझेल गेलं, अंतरा आला नाही.

“वहिनी, खरं सांगू?” गणराज म्हणाला. गणराज काशीदचा. शनिवार-रविवार रिसॉर्टवर कीबोर्ड वाजवतो आणि उरलेला आठवडा यांच्याकडे जेवतो. “गाणं चांगलंय, पण नाचायला येत नाही. लोक रील बघताना थांबतात किती? त्यात आपण म्हणतो, सांज लागली गो. कुठंतरी नवरदेवाची गाडी घाला, डीजे घाला.”

“तळव्याला डीजे कसा लावू रे?”

“मग ठेका वाढवू.”

वाढवला. गाणं पळायला लागलं, पण हसेना. त्यांनी पट्टी खाली घेतली, ढोलकी वर घेतली, बेंजो घातला, काढला, परत घातला. प्रत्येक वेळी तिघं एकमेकांकडे बघत आणि कोणालाच कळत नसे की नेमकं बिनसलंय कुठे.

“माझा गळाच बरोबर नाही का?” रुचिकाने नवऱ्याला विचारलं.

“तुझा गळा मस्त आहे.”

“मग बायका का पळतात?”

“त्यांना उंच पडत असेल.”

“आता पट्टी एवढी खाली आहे की तुझे जारवालेपण म्हणतील.”

त्यात सासूबाईंचा मिक्सर. ठमीबाय तशी गरीब बाई. बोलणं मोजकं. मयताला गेली तरी बाकीच्या बायका हेल काढून रडत आणि ही नुसती पदर धरून बसून राही. सुनेच्या गाण्यालाही कधी नाही म्हणाली नव्हती. उलट ‘आणि साथी’च्या काळात रेकॉर्डिंगहून यायला उशीर झाला तर भात झाकून ठेवायची. पण हे गाणं सुरू झालं, की स्वयंपाकघरात मिक्सर सुरू. खोबरं, लसूण, मिरची. वाटायला काही नसेल तर साखर. घरात पिठीसाखरेचे डबे भरून गेले. सबंध खाडीकाठाला करंज्या पुरल्या असत्या.

“आईंना माझं गाणं आवडत नाही,” रुचिका म्हणाली.

“आयेला कुठलंच गाणं आवडत नाही,” म्हणत दिपेशने विषय संपवला. त्याच्या मागे भिंतीवर त्याच्या बापाचा, बुधाजीचा, हार घातलेला फोटो होता. बुधाजी ट्रेलर चालवायचा. घाटात गेला, तेव्हा दिपेशला धड चालताही येत नव्हतं. घरात त्याच्याविषयी कोणी फार बोलत नसे.

मग गणराजच्या डोक्यात किडा शिरला: चाल चोरीची असणार. म्हणून लोक ऐकून गप्प होतात. त्याने फोनपुढे गाणं वाजवून शोधलं. फोन बराच वेळ गोल गोल फिरला आणि म्हणाला, असं गाणं नाही.

“म्हणजे आपलंच आहे!” दिपेश खूश झाला.

“मग माणसं ओळखल्यासारखी का करतात?” रुचिका म्हणाली.

हे खरं होतं. बेंजो पार्टीतल्या भिकूदादाला ऐकवलं, तर त्याची बोटं आपोआप मांडीवर चालायला लागली, आणि मध्येच थांबली. “आयकल्यासारखा वाटतो रं,” एवढं बोलून तो चहा अर्धा टाकून गेला. भिकूदादा चहा टाकणारा माणूस नव्हे. दिपालीकडे नेऊन वाजवलं, तर दिपाली नाचायला उठली आणि तिच्या आईने तिचा हात धरून खाली बसवलं. “गाना बेस हाय गो रुचिका. पन हलदीला दुसरा काय तरी लावू ना.”

“का पण काकी? काय चुकलंय?”

“चुकला काय नाय.” आणि तिने रुचिकाच्या हातावर दोन लाडू ठेवले. लहान पोराला गप्प करायला ठेवतात तसे.

रुचिका लाडू तसेच हातात घेऊन घरी आली. चुकलं काही नाही, आवाज मस्त, शब्द चांगले, चाल आपली. आणि गाव म्हणतंय नको. तिला वाटलं, सरळ तोंडावर म्हणाले असते, बोर्लीच्या बाये, तुला गाता येत नाही, तर निदान गादीत तोंड खुपसून रडता तरी आलं असतं. गाद्या होत्याच टांगलेल्या.

दिपेश लॅपटॉपपाशी बसला होता, गणराज कीबोर्डवर अंतऱ्यासाठी काहीबाही चाचपत होता, आणि मिक्सर चालू होता. रुचिका सरळ स्वयंपाकघरात गेली आणि बटण बंद केलं.

“आई, कोरसला कोणी येत नाही. तुम्ही चला.”

“मना कुठं येतो गाना?”

“नुसतं ‘गो’ म्हणा माझ्यामागे. आणि नसेल आवडत तर आज सांगून टाका. मी पुन्हा ‘आणि साथी’त जाईन, पण मला कळू दे.”

ठमीबायने पिठीसाखरेचे हात पदराला पुसले. सुनेकडे बघितलं. मग मागच्या खोलीत येऊन माईकपुढे मांडी घालून बसली. रुचिकाने तिच्या कानावर हेडफोन बसवला, केस अडकले ते सोडवले. दिपेशने गाणं चालू केलं.

रुचिकाने मुखडा म्हटला. ‘सांज लागली गो’ला ठमीबायचा आवाज मागून आला, खरखरीत, पण बरोबर सुरावर. मुखडा संपला. पुढे नुसता ठेका होता, कारण पुढचं कोणाला येतच नव्हतं.

ठमीबाय थांबली नाही.

शब्द नव्हते. डोळे मिटून ती पुढची ओळ नुसती आळवत गेली. सूर वर चढला, मध्येच तुटला, तुटल्या जागेवरून खाली आला आणि अलगद मुखड्याला येऊन टेकला. गणराजची बोटं हवेतच राहिली. इतके दिवस शोधत होते तो अंतरा हाच, यात शंकाच नव्हती.

“आये,” दिपेशने गाणं थांबवलं. “तुला कसा येतो? मलाच अजून आला नाय.”

ठमीबायने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. बघत मात्र सुनेकडे होती.

“ह्याच्या बापाला घाटातनं आनला तवा ह्यो माझ्या मांडीवर होता. दूध पीत होता. मी ह्याच हेलावर रडले. नंतर सबंद पावसाला, रोज तिन्हीसांजेला. गल्लीतल्या बायका भाकऱ्या थापायच्या थांबायच्या. त्या कशा नाचतील गो ह्याच्यावर?” तिने रुचिकाच्या गळ्याला हात लावला. बोटांना अजून साखर होती. “तुझा गला चांगला हाय, बाय. रडना माझा हाय.”