बैलाचं आवतण

सीताराम वर्ध्याहून पुण्यात खराडीला मुलाकडे राहायला आले, तेव्हा सामानात एक लाकडी बैल होता. चाकांचा, हिंगूळ लावलेल्या शिंगांचा, बायको कांताबाईच्या हातची झूल पांघरलेला. कांताबाई आदल्या वर्षी गेली. जाताना तिचं एकच मागणं होतं: नात अस्मिता पाच वर्षांची झाली की तिच्या हातून खऱ्या बैलाला पुरणाचा घास भरवायचा. घरातल्या सगळ्या पोरांनी भरवला, मग पोरगी शहरात वाढते म्हणून तिचाच का राहावा?

कांताबाई स्वतः तर पोळ्याला बैल जेवल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसे. “अवं, चक्कर येऊन पडशील,” असं सीताराम म्हणाले की तिचं उत्तर ठरलेलं: “तो वर्षभर ओढते, मी एक दिवस थांबली तं काय झालं?” या बाईपुढे सीतारामांचं कधी चाललं नाही, आणि त्याचा त्यांना अभिमानच होता.

श्रावण अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी वर्ध्याच्या रीतीनं खांदशेकणी केली. लाकडी बैलाच्या खांद्याला हळद-लोणी चोळलं आणि पाच वर्षांच्या अस्मिताला बाल्कनीत उभं केलं. “आज आवतण घ्या, उद्या जेवाले या!” नवव्या मजल्यावरून पोरगी बेंबीच्या देठापासून ओरडली. खालून कुणीतरी विचारलं, मेनू काय आहे?

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा डबा घेऊन आजोबा आणि नात बैल शोधायला निघाले. सगळी खराडी पालथी घातली. काचेच्या इमारती, डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या. बैल सोडाच, शेणाचा पोसुद्धा दिसेना. घरी आल्यावर सून दीपमाला म्हणाली, “बाबा, एवढं फिरण्यापेक्षा चौकात सिग्नलला उभं राहायचं. गाढवं तरी पुष्कळ भेटली असती.” ती सदाशिव पेठेतली. बोलणं असं, पण पाय शेकायला गरम पाणी तिनंच आणून दिलं.

त्यानंतर अस्मिता रोज विचारायची, “आजोबा, बैल जेवायला कधी येणार?” आवतण देऊन पाहुणा उपाशी ठेवायचा, हे सीतारामांच्या घराण्यात घडलं नव्हतं. कांताबाईचं एवढंसं मागणं आपल्या हातून पुरं होत नाही, याची त्यांना लाज वाटे.

महिना गेला. सर्वपित्री अमावास्या आली. बाल्कनीला कबुतरांची जाळी, तिथे कावळा कुठून यायचा? म्हणून मुलगा अभिनव सगळ्यांना गाडीत घालून खडकवासल्याच्या पुढे एका गावाबाहेर घेऊन गेला. बांधावर कांताबाईचं पान मांडलं. खीर, वडे आणि तिच्या आवडीची पुरणपोळी. समोरच्या बाभळीवर चांगले चार कावळे होते, पण एकही खाली उतरेना. अभिनवनं हात जोडले, दीपमालानं जोडले. सीतारामांना कारण ठाऊक होतं. ते मान खाली घालून बसून राहिले.

तेवढ्यात हलगी कडाडली. गावातून बैलांची मिरवणूक येत होती. अंगावर झुली, शिंगांना रंग, कपाळावर बाशिंगं, आणि गुलालात न्हालेली माणसं. सीताराम उठून उभेच राहिले. पुढच्या जोडीचा कासरा धरलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, “काय हो, हे काय आहे?”

“पोळा हाय आज, बाबा.” त्याचं नाव महिपती.

“पोळा? तो तं मागच्या अमावास्येलेच झाला!”

“तो तुमच्याकडचा. श्रावणात आमची भातं असत्यात, बैल चिखलातनं निघतोय कुठं? आमचा भादव्यातला.”

“पण आज पितरांचा दिवस. आणि गुलाल?”

“त्यांनीच तर बैल हाकले न्हवं का? बघू द्या की त्यांना बी.”

सीतारामांनी आयुष्यात इतकं शहाणपणाचं बोलणं क्वचित ऐकलं होतं. आपला पोळा तोच पोळा, असं सत्तर वर्षं धरून बसलेला हा माणूस मनापासून हसला. एका बैलाचे दोन पोळे! याहून मोठा मान त्या जनावराला कुणी द्यायचा? त्यांनी डबा उघडला आणि अस्मिताला पुढे केलं. महिपतीनं बैलाची वेसण धरली.

पोरगी घाबरली नाही. पोळी पुढे धरून तिनं बैलाला हुबेहूब आईच्या आवाजात सुनावलं, “किती हा उशीर! आवतण देऊन महिना झाला. आता गार आहे, तसंच खा.”

बैलानं पोळी खाल्ली, वर तिचा तळहातही चाटला. महिपती पोट धरून हसला. दीपमालानं सासऱ्यांच्या बाहीला हात लावला. “बाबा, मागे बघा.”

बांधावरच्या पानावर कावळा उतरला होता. त्यानं आधी पुरणपोळीच उचलली.

सीतारामांनी डोळे पुसले नाहीत. “बैल जेवला ना,” ते म्हणाले, “म्हणून आता जेवाले बसली.”