अठ्ठेचाळीस तासांची बाळं

प्रयोगशाळेत तिला सगळे भिंगबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. नवजात बाळांच्या टाचेला टोचून कार्डावर घेतलेले रक्ताचे ठिपके तिच्याकडे येत आणि ती एकेक ठिपका भिंगाखाली धरून, चोर पकडायला बसल्यासारखी बघे. काही बाळांना जन्मतःच दुधातलं प्रथिन पचवता येत नाही. त्यातला एक घटक रक्तात साठत जातो आणि मेंदू कायमचा अधू करून टाकतो. पहिल्या थोड्या दिवसांत कळलं, तर वेगळं दूध देऊन बाळ ठणठणीत वाढतं. मात्र टोचण्याआधी पोटात दोन दिवस दूध गेलेलं हवं, नाहीतर आजारी बाळाचं रक्तही साफ दिसू शकतं.

त्या सोमवारी ती साहेबांच्या संशोधनासाठी महिन्याभराच्या कार्डांवरचे तास, म्हणजे टोचताना बाळ किती तासांचं होतं ते, तक्त्यात भरत होती. बाकी दवाखान्यांचे आकडे एक्कावन्न, त्रेसष्ट, सत्तर असे वेडेवाकडे होते. एका प्रसूतिगृहाची मात्र बेचाळीस कार्डं होती आणि बेचाळीसही कार्डांवर अठ्ठेचाळीस.

"ही पोरं काय गजर लावून टोचून घेतात?" ती शेजारच्या तंत्रज्ञाला म्हणाली.

तो हसला. तिने त्या बेचाळिसातलंच एक कार्ड उचललं आणि तिचं हसू मावळलं. ते तिच्या लेकीच्या मुलीचं होतं. त्यावरही अठ्ठेचाळीस. पण जावयाने दुसऱ्याच दिवशी सकाळी गाडी आणली होती आणि वीस तासांच्या नातीला भिंगबाईनेच मांडीवर घेऊन घरी आणलं होतं. अठ्ठेचाळिसाव्या तासाला ते बाळ घरी झोपलेलं होतं. कार्डाखाली 'निर्दोष' हा शेरा तिच्याच हातचा. तो मारताना लेकीचं नाव वाचून ती इतकी हरखली होती, की तास बघायचं भानच राहिलं नव्हतं.

दुपारी ती तडक प्रसूतिगृहात गेली. वाटेत तिच्या मनात नाही नाही ते आलं. तास खोटे, तर रक्त तरी त्याच बाळांचं कशावरून? मोठ्या सिस्टर दुपट्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"लिहिते मी अठ्ठेचाळीस," त्या म्हणाल्या. "इथे खाटा किती आहेत बघा. बाळंतिणी दुसऱ्या दिवशी घरी जातात. खरे तास लिहिले की तुमच्याकडून कार्ड परत, वर लाल शिक्का. परत बोलावलं तर दहातली एक येते आणि बोलणी मी खाते. ते परत पाठवायचं फर्मान कुणी काढलं होतं?"

फर्मान भिंगबाईनेच काढलं होतं. दोन वर्षांपूर्वी, मोठ्या अभिमानाने.

"शिक्के थांबले तेव्हा तुम्हाला शंका नाही आली?" सिस्टरने विचारलं. त्या खरंच विचारत होत्या.

मंगळवारी तिने नातीची टाच पुन्हा टोचली. लेकीला सांगितलं, ठिपका पुसट आला होता. बुधवारी निकाल आला. नात ठीक होती. भिंगबाई हात धुवायच्या खोलीत जाऊन पोटभर रडली.

तिथूनच तिने साहेबांकडे जायला हवं होतं. ती गेली नाही. फर्मान आपलं, शेरे आपले, नाव कुणाचं खराब होणार ते उघड होतं. शिवाय हा आजार हजारोंत एखाद्याला, ही तर उरलेली एकेचाळीस बाळं, असं ती स्वतःलाच समजावत राहिली. गुरुवारी तिला वाटू लागलं, जो तो आपल्यावर संशय घेतोय. तंत्रज्ञ ती कार्डं ठेवलेल्या आपल्या खणाकडे बघतोय. साहेब आज बोलले नाहीत, म्हणजे सिस्टरने फोन केला असणार. कुणालाच काही माहीत नव्हतं. तिची तिलाच लाज वाटली, पण तोही दिवस तसाच गेला.

शुक्रवारी सकाळी ती साहेबांसमोर सगळं ओकून मोकळी झाली. साहेबांनी तिच्यापुढे फोन सरकवला.

"आधी बाळं," ते म्हणाले. "तुमचं नंतर बघू."

यादीतलं पहिलं बाळ एकोणीस दिवसांचं होतं. फोन आईनेच उचलला.

"ताई, बाळाचं रक्त पुन्हा तपासायचंय. आजच घेऊन या. पहिल्या वेळी फार लवकर घेतलं गेलं होतं."

"पण सगळं चांगलं आहे म्हणून तुम्हीच कळवलं होतंत."

"हो. चुकलं आमचं. त्याला आईचंसुद्धा दूध बाधू शकतं, असा एक आजार असतो. तो नाही ना, एवढं बघायचंय."

आईने विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?"

'आज' म्हणणं सोपं होतं. साहेब खिडकीपाशी उभे होते, त्यांनीही ते चालवून घेतलं असतं.

"सोमवारी," भिंगबाई म्हणाली.

"आज शुक्रवार आहे," ती आई म्हणाली. "चार दिवस मी त्याला पाजतेय."