पूजेतला खराटा

खंडेनवमीला पूजेत ठेवलेली वस्तू दुसऱ्या सकाळपर्यंत हलवायची नाही, हा आमच्या टूलरूमचा नियम मीच केलेला. मी म्हणजे फोरमन सदाशिवराव. त्या सकाळी जयसिंग फिटरनं पूजेतल्या पान्याला हात लावला, तर मी त्याला सगळ्यांदेखत झापलं.

साल चौऱ्याहत्तर. खंडेनवमीला सगळ्यात चांगली सजावट करणाऱ्या खात्याला कारखान्याकडून मिळणारी ढाल मला हवीच होती. तीन वर्षं ती पेंट शॉपनं पळवली होती, आणि त्यांचा फोरमन मी दिसलो की मुद्दाम ती पुसायला घ्यायचा. यंदा निकाल नवे वर्क्स मॅनेजर देणार होते. लेथला हार घातले, ड्रिलला तोरण बांधलं, आणि मला एक थोर विचार सुचला. हा माझा जुना आजार. आमच्या खात्यात आठ वर्षं झाडणाऱ्या सोजरबाईचा खराटा मी कोपऱ्यातून उचलला, त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला, मधोमध चौरंगावर ठेवला आणि भाषण ठोकलं, "कुठलंही काम हलकं नसतं!" टाळ्या पडल्या. माझं मलाच भरून आलं.

तेवढ्यात सोजरबाई आली.

"माझा खराटा कुठाय?"

"पूजेत!" मी ऐटीत म्हणालो.

"मंग झाडू कशानं?"

मी खाली पाहिलं. झेंडूच्या पाकळ्या, नारळाच्या शेंड्या, बुटांखाली चिरडलेले पेढे. साहेब पंधरा मिनिटांत येणार होते. मी हळूच चौरंगाकडे सरकलो, तर जयसिंग खणखणीत आवाजात म्हणाला, "फोरमनसाहेब, उद्या सकाळपर्यंत हलवायचं न्हाई!" पेंट शॉपकडे खराटा मागायचा, तर ढाल त्यांना घरपोच करणंच बरं.

इतक्यात कँटीनचा चहा आला. बावीस माणसं, बावीस कप. सोजरबाई भिंतीपाशी उभीच.

"तुझा कप कुठाय गं?" मी विचारलं.

"माझा कवा येतो?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "खराट्याला हार घातलासा, चौरंगावर बसवलासा. मला आठ वर्सांत कुणी बस म्हणलं न्हाई."

मशिनं बंद होती, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खात्यात खुर्ची एकच, माझी. ती ओढून मी पुढे ठेवली. "बसा, सोजरबाई." माझा कप तिच्या हातात दिला, नवा सफारी शर्ट काढून खिळ्याला टांगला आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन लेथखाली शिरलो.

पेढा मशिनच्या तेलात मिसळला की निघता निघत नाही. सोजरबाई बशीत ओतून चहा पीत सांगत होती, "त्या पायामागं बघा. आजून आत." हळूहळू जयसिंगही पुठ्ठा घेऊन वाकला.

ढालीचं सांगून टाकतो, ती पेंट शॉपलाच गेली. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे तेवीस कप येऊ लागले.

पण त्याआधी साहेब आले. खुर्चीत सोजरबाई, आणि लेथखालून बाहेर आलेले बनियनमधल्या माणसाचे पाय. साहेबांनी विचारलं, "हा कोण?"

सोजरबाई गडबडीनं उठायला लागली, तसा मी खालूनच तिला हातानं खुणावलं, बसा. ती बसली, नीट टेकून बसली, आणि म्हणाली,

"नवा हाय, साहेब. कोपरं सोडतोय, पर शिकंल."